खांद्याची नाकेबंदी

माणसाच्या खांद्यात सुई अंदाजाने खुपसतात, ही माहिती मला या वयात मिळाली, आणि तीसुद्धा जिन्यात. देणारा होता आमच्या इमारतीचा व्यवस्थापक मोम्चिलो.

"अहो शेजारी, काही नसतं त्यात," तो म्हणाला. "डॉक्टर पांतेलिच मागून अंगठ्यानं चाचपतो, खड्डा लागला की घुसवतो सुई. मला दिली होती ना त्यानं नाकेबंदी! दुसऱ्या दिवशी खारवलेल्या कोबीचं पिंप एकट्यानं वर नेलं मी."

सांध्यात घेतात त्या इंजेक्शनला आमच्याकडे सगळेच नाकेबंदी म्हणतात. वेदनेची रसद तोडायची, असा काहीतरी लष्करी विचार त्यामागे असावा. त्या शब्दावर माझा आक्षेप नाही. माझा आक्षेप 'चाचपतो' या क्रियापदावर होता. मी तंत्रनिकेतनात शिकलेला माणूस आहे. उभी हयात मी कारखान्याच्या मापनकक्षात काढली. माझ्या टेबलावर आलेला दट्ट्या केसभर जरी चुकला तरी तो परत जात असे, आणि तो आणणारा माणूसही त्याच्यामागोमाग मान खाली घालून जात असे. आणि आता खुद्द माझ्या खांद्यात, जिथे मुळात फट अपुरी आहे म्हणूनच दुखणे उद्भवले आहे, तिथे एक मनुष्य अंगठ्याने खड्डा शोधणार!

दुखण्याची यंत्ररचना तशी साधी आहे. खांद्यावर हाडाचे एक छप्पर असते. त्या छपराखालून स्नायूची एक दोरी जाते. हात बाजूने वर नेला की छप्पर आणि दंडाचे हाड यांच्यामध्ये ती दोरी चेंगरते. हात खाली असताना माणूस ठणठणीत असतो. हात एकदाचा पूर्ण वर गेला की पुन्हा ठणठणीत. मधल्या पट्ट्यात मात्र डोळ्यांपुढे काजवे चमकतात. सणाआधी छताला आणि भिंतींना चुना लावण्याचे काम मी स्वतः केले, कारण रंगारी सरळ रेषेत हात फिरवत नाहीत. त्याचे हे फळ.

आता कोणी म्हणेल, निवृत्त माणसाला हात वर न्यायची गरजच काय? असे म्हणणाऱ्याला आमचा सण ठाऊक नाही. आमच्याकडे प्रत्येक घराण्याचा एक संत असतो आणि वर्षातून एक दिवस त्याचा. आमचा दिवस नोव्हेंबरात, देवदूत मायकेलचा. त्या दिवशी पाद्री येतो, मेणबत्ती पेटते, आणि वेणी घातलेला गोल पाव यजमान, त्याचे भाऊबंद आणि पाद्री असे सगळे मिळून हातावर फिरवतात आणि डोक्याच्या वर उचलतात. पाव जितका उंच, तितकी घराची बरकत. उचलण्याचा मान थोरल्याचा, आणि ज्याच्याकडून पाव उचलला जात नाही त्याच्याकडून सण धाकट्याकडे जातो. आमच्या घराण्यात असे एकदाच घडले, आणि त्या चुलत आजोबांचे नाव अजूनही कोणी घेत नाही.

माझ्या धाकट्याचे नाव रातोमिर. त्याने बस चालवली, आणि आवाज अजून बसमधलाच आहे. बातमी कळताच त्याचा फोन आला.

"दादा, हात वर जात नाही म्हणे?"

"कोणी सांगितलं?"

"वहिनीनं. बरं, मी काय म्हणतो, यंदा पाव मी उचलतो. तू आपला मस्त खुर्चीत बस."

खुर्चीत! सणाच्या दिवशी शेवटचा पाहुणा उंबऱ्याबाहेर पडेपर्यंत यजमान बसत नाही. बसतो तो आजारी तरी असतो नाहीतर मेलेला. मी फोन ठेवला आणि बायकोकडे वळलो.

"दोब्रिला, हे तू त्याला का सांगितलंस?"

"त्यानं विचारलं, कसे आहात. मग काय खोटं सांगू?"

"हो!"

"चुना लावायला रंगारी बोलवा म्हणत होते मी," ती म्हणाली आणि अक्रोड कुटायला बसली. या बाईशी वाद घालणे म्हणजे भिंतीशी वाद घालणे. फरक इतकाच की भिंतीला मागच्या वर्षीचे काही आठवत नाही.

मग मी या कामाकडे कामाच्या पद्धतीने पाहायचे ठरवले. चौकशीअंती कळले की आमच्या इस्पितळात या सुईच्या दोन वाटा आहेत. पहिली डॉक्टर पांतेलिच यांची: मागून, अंगठा आणि अनुभव यांच्या बळावर. दुसरी तरुण डॉक्टर इस्क्रा यांची: बाजूने, ध्वनिलहरींच्या यंत्रावर आतले चित्र बघत. कोणती वाट सरस, हे तुलनेने सिद्ध व्हायला हवे होते, आणि तुलना मापाशिवाय होत नाही.

माप घ्यायला भिंत लागते. घरातल्या भिंतींवर ताजा चुना होता आणि त्यांच्यावर दोब्रिलाचा पहारा. म्हणून मी तळमजल्यावर, लिफ्टशेजारच्या मोकळ्या भिंतीवर, माणसाच्या उंचीचा एक कोनमापक काढला. खांदा मध्यबिंदूवर ठेवायचा, हात वर न्यायचा आणि अंश वाचायचे. रेघा मी पेन्सिलने आखून वर शाईने गिरवल्या. सौंदर्याच्या दृष्टीनेही त्या भिंतीने तितके चांगले दिवस कधी पाहिले नव्हते.

माझा उजवा हात साठ अंशांवर अडला.

"काय चाललंय हे?" मोम्चिलो कडाडला. आता तो जिन्यातला शेजारी नव्हता, व्यवस्थापक होता. हातात किल्ल्यांचा जुडगा धरला की त्याचा आवाज बदलतो. "ही सामाईक भिंत आहे! रहिवाशांच्या सभेची परवानगी कुठाय?"

"हे मापन आहे."

"उद्या कोणी इथं गाढव काढेल आणि म्हणेल मापन आहे!"

दुसऱ्या दिवशी कोनमापकाशेजारी सूचना चिकटली: 'सामाईक भिंतीवरील अनधिकृत चित्र काढून टाकावे.' ती सूचना तिरकी चिकटवलेली होती, हे मी त्याच्या निदर्शनास आणले. त्यावर त्याने तीन दिवस माझ्या नमस्काराला उत्तर दिले नाही.

पण चित्र राहिले, कारण तोवर सगळी इमारत त्याच्यापुढे रांग लावू लागली होती. ज्यांना काहीही होत नव्हते तेही लिफ्टची वाट बघता बघता हात वर करून पाहत आणि एकमेकांना हिणवत. पहिल्या मजल्यावरची स्तामेनाबाई आली तेव्हा तिचा हात माझ्याइतक्याच उंचीवर अडला. क्षणभर मला बरे वाटले. तुलनेसाठी दुसरा खांदा मिळाला होता.

"बाई, तुम्ही पांतेलिचकडे जा, मी इस्क्राकडे जातो," मी म्हणालो. "मग दोघांचे अंश बघू."

"मी कशाला सुया टोचून घेऊ?" ती म्हणाली. "हे वाऱ्याच्या झोतानं झालंय. तुम्ही चुना लावताना खिडकी आणि दार दोन्ही उघडं ठेवलं होतंत, मी खालून बघितलं. झोत बसला!"

"बाई, हाडाखालची फट अपुरी आहे."

"तेच म्हणते मी. फटीतूनच झोत येतो."

आमचा हा समाज भूकंपाला भीत नाही, सरकारला भीत नाही, पण समोरासमोरच्या दोन उघड्या खिडक्यांना भितो. दातदुखी, वांझपण, परीक्षेत नापास होणे, सगळे झोताने होते. स्तामेनाबाईने कोबीचे पान लाटण्याने ठेचले, राकियात, म्हणजे आमच्याकडच्या फळांच्या दारूत, बुडवले आणि खांद्याला बांधले. जिन्यात तिच्या मागून चालणाऱ्याला नुसत्या वासाने झिंग येत असे.

मी माझ्या मार्गाने निघालो. नेमून दिलेल्या डॉक्टरबाईकडून चिठ्ठी घेतली. चिठ्ठीवर शिक्का हवा होता. शिक्का मारणारी बाई कॉफीला गेली होती. ती आली तेव्हा शिक्का दुसऱ्या खोलीत होता. शिक्का मिळाला तेव्हा कळले की डॉक्टर इस्क्रा एका इमारतीत बसतात आणि त्यांचे यंत्र दुसऱ्या इमारतीत. दोघे एका दिवशी एका खोलीत यावेत असा मुहूर्त सणानंतर होता. बराच नंतर.

"माझा सण आहे हो," मी खिडकीतल्या बाईला म्हणालो.

"सगळ्यांचाच असतो," ती म्हणाली. "ओळख नाही का कोणाची?"

इथे मी तत्त्वाचा प्रश्न केला. ओळखीने मी आयुष्यात काही मिळवले नाही, आणि खांद्यासाठी ती सुरुवात करणार नव्हतो. हे मी घरी येऊन मोठ्याने जाहीर केले. चूक झाली. आमच्याकडे एखादा माणूस ओळख नको म्हणाला, तर लोकांना एवढेच कळते की त्याच्याकडे ओळख नाही. मग दया म्हणून प्रत्येक जण आपली ओळख लावतो, आणि त्याला वाईट वाटू नये म्हणून त्याला सांगत नाही.

मोम्चिलोने, भांडण चालू असतानाही, आपल्या साडूकडून पांतेलिचांच्या परिचारिकेला सांगितले. दोब्रिलाने आपल्या लग्नातल्या करवलीच्या मुलीला सांगितले; ती इस्क्रांच्या विभागात परिचारिका होती. मला पत्ता नाही. दोन्ही ठिकाणी माझे नाव रांगेच्या डोक्यावर चढले, आणि त्या दोन परिचारिका निघाल्या एकमेकींच्या विहीणबाई. दुपारच्या कॉफीवर दोघींनी नावे जुळवून पाहिली.

इस्पितळातून निरोप आला की डॉक्टर आणि यंत्र सणाआधीच एका दिवशी एकत्र येत आहेत. ठरल्या वेळी मी इस्क्रांच्या दारात उभा राहिलो. परिचारिका गोड हसली.

"काका, तुम्ही पांतेलिचसरांचे माणूस ना? आम्ही कसा हात लावणार? सरांना वाईट वाटेल."

मी पांतेलिचांच्या दारात गेलो. तिथली विहीण त्याहून गोड हसली.

"तुमची तर इस्क्राबाईंकडे सोय झालीय. सर म्हणाले, नव्यांच्या मध्ये आपण येऊ नये."

यंत्रशास्त्रात ही गोष्ट सर्वांना माहीत आहे. एका बोल्टच्या आट्यांवर दोन चाक्या, म्हणजे नट, घेऊन त्या एकमेकींवर आवळल्या की दोन्ही जागच्या हलत नाहीत. कंपनाने बोल्ट सैल पडू नये म्हणून आपण हे मुद्दाम करतो. माझ्या दोन ओळखी एकमेकींवर अशा आवळल्या गेल्या होत्या की ओळख नसलेली माणसे एकामागून एक आत जाऊन बाहेर येत होती आणि मी बाकावर बसून होतो. शेजारचा म्हातारा मला म्हणाला, "तुमची ओळख नाही वाटतं कोणाची?"

तेव्हा माझा तोल गेला. मी दोन्ही विभागांच्या मधल्या बोळात जाऊन उभा राहिलो, आणि जो आवाज मी कारखान्यात पट्टा तुटल्यावरच वापरला होता, तो वापरला.

"या इमारतीत माझ्या खांद्यात सुई घालणारं कोणी आहे का? की मी शिंप्याकडे जाऊ?"

दोन्ही दारे उघडली. डावीकडून डॉक्टर पांतेलिच आले. पांढऱ्या मिशा, हातात अर्धा खाल्लेला, चीज भरून भाजलेला पापुद्रा. उजवीकडून डॉक्टर इस्क्रा आल्या. केस पेन्सिलीने वर खोचलेले.

"कोण ओरडतंय?" पांतेलिच.

"मी! तुमच्या दोघांचाही माणूस!"

चिठ्ठी दोघांनी वाचली. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिले, आणि माझ्या ध्यानात आले की हे भांडण माझ्यापेक्षा जुने आहे.

"सर, हे माझ्याकडे द्या," इस्क्रा म्हणाल्या. "बघून घालते."

"पोरी, तू शाळेत होतीस तेव्हापासून मी सुया घालतोय."

"म्हणूनच म्हणते सर. एकदा बघू या ना, त्या कुठे जातात ते."

पांतेलिचांनी पापुद्रा परिचारिकेच्या हातात दिला. "चल. आण तुझं ते डबडं."

"माझं म्हणणं असं होतं की तुलना करायची असेल, तर आधी..." मी सुरुवात केली.

"तुम्ही हलू नका," दोघे एकदम म्हणाले.

मला स्टुलावर बसवले. पांतेलिचांनी मागून अंगठ्याने छपराचा कोपरा चाचपला. इस्क्रांनी बाजूने थंडगार चिकट पदार्थ फासून यंत्राची मूठ दाबली. पडद्यावर मोरावा नदीवर धुके पडल्यासारखे काहीतरी दिसू लागले. तोच माझा खांदा, असे सांगण्यात आले. सुई आत शिरली. धुक्यात एक चकचकीत रेघ उगवली.

"थोडी वर, सर."

"तिकडेच चाललोय."

"अजून जराशी."

"पोरी, सुई माझ्या हातात आहे."

"आणि खांदा काकांचा आहे."

"काका!" मी ओरडलो. "काका इथे बसलेत! काकांना सगळं ऐकू येतंय!"

रेघ छपराखाली सरकली, औषध सुटले आणि फटीत एक काळा पट्टा पसरला. दोघांनी एकदमच सुस्कारा टाकला. डॉक्टर इस्क्रा हात पुसायला वळताच पांतेलिच माझ्या कानाशी वाकले. "बघितलंत? डबड्याची गरजच नव्हती." ते पापुद्रा घ्यायला गेले तशा इस्क्रा वाकल्या. "बघितलंत ना काका? यंत्र नसतं तर हाडावर आदळली असती."

दुखणे थांबले की नाही, ते नंतर. मला राग आला होता प्रयोगाचा. दोन पद्धतींची तुलना करायला निघालो, आणि दोन्ही पद्धती एकाच खांद्यात, एकाच वेळी, एकाच सुईने कालवून झाल्या! असा अहवाल कोणी माझ्या टेबलावर आणला असता, तर मी तो त्याच्या डोक्यात घातला असता.

आठवड्याने मी कोनमापकापुढे उभा राहिलो. हात साठ अंशांवर गेला, नव्वदावर गेला, आणि तसाच तेल घातल्यासारखा थेट छताकडे गेला. मी तिथेच उभा राहून तो पुन्हा पुन्हा वर नेला. तेवढ्यात लिफ्टमधून कोबीचा वास आला आणि त्याच्या मागून स्तामेनाबाई. तिने पिशवी खाली ठेवली, भिंतीला खांदा लावला आणि हात वर नेला. माझ्याइतकाच.

"कोबी!" ती म्हणाली.

मी लिफ्ट सोडून जिना चढून गेलो.

तरीही हात वर जात होता, आणि सणाला तेवढेच हवे होते. सणाच्या दिवशी घर भरले. स्तामेनाबाई आली, मोम्चिलो किल्ल्यांशिवाय आला, नातेवाईक आले. कोबीच्या पानात गुंडाळलेल्या खिम्याचा वास जिन्यापर्यंत दरवळत होता. रातोमिर राकियाची बाटली घेऊन दारातूनच गरजला.

"दादा, खुर्ची तयार आहे ना तुझी?"

सगळे हसले. मी हसलो नाही. मी आज हा पाव असा उचलणार होतो की त्याला पुढची वीस वर्षे बोलायला जागा राहू नये. पाद्रीबाबा गाव्रिलो यांनी प्रार्थना म्हटली, पावावर वाईन ओतली. मी एका बाजूने पावाखाली उजवा हात घातला, समोरून रातोमिरने घातला, बाजूने बाबांनी. पाव फिरवला. मग उचलला.

कंबर. छाती. माझा खांदा लोण्यासारखा चालत होता. मी मान वर करून रातोमिरकडे पाहिले, विजयाचा क्षण वाया जाऊ नये म्हणून.

त्याचे ओठ पांढरे पडले होते. खांदा कानाकडे चढला होता, कोपर बाहेर वळले होते, आणि कपाळावर घाम होता. ते तोंड मला ठाऊक होते. महिनाभर दाढी करताना आरशात मी तेच पाहत होतो. हा मनुष्य मला खुर्ची दाखवत होता, आणि याचा हात माझ्या जुन्या हाताइतकाही वर जात नव्हता! मी खुर्चीत बसणार नाही हे त्याला पक्के ठाऊक होते, आणि थोरल्यालाच जमत नाही म्हटल्यावर सगळ्यांच्या नजरा थोरल्यावर राहणार. याच्याकडे कोण बघतो? त्याने हा हिशेब केला होता, गाढवाने.

आणखी वीतभर, आणि पाव त्याच्या बाजूने कलंडला असता. सगळ्यांच्या देखत, सणाच्या दिवशी.

"अगं आई गं!" मी ओरडलो आणि हात खाली घेतला.

पाव छातीपाशी थांबला. खोलीत कुजबुज पसरली.

"मी म्हटलं नव्हतं? झोत!" स्तामेनाबाई.

"बघून घालतात म्हणे सुया! एकट्या पांतेलिचकडे जायला हवं होतं," मोम्चिलो.

दोब्रिला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सकाळीच मी तिला फडताळाच्या वरच्या खणातून मोठे पातेले काढून दिले होते. तिने माझ्याकडे पाहिले, आणि तिचे डोळे बारीक झाले. मग ती स्वयंपाकघरात वळली.

मग पाद्रीबाबा म्हणाले, "रातोमिर, थोरल्याला जमत नाही. आता तू पुढे हो आणि उचल."

रातोमिरने पावाकडे पाहिले. मग माझ्याकडे. त्याचा आवाज मी पहिल्यांदाच हळू झालेला ऐकला.

"नाही बाबा," तो म्हणाला. "दादा असताना मी कसा उचलू? ज्याचं घर, त्याचा पाव. जेवढा त्यानं नेला, तेवढाच यंदा उंच."

स्तामेनाबाईने हातरुमालाने डोळे पुसले. मोम्चिलो म्हणाला, "भाऊ असावा तर असा." बाबा म्हणाले की देवाला उंची लागत नाही, मन लागते, आणि त्यांनी रातोमिरच्या पाठीवर थोपटले, दुखऱ्याच बाजूला. तो विव्हळला. लोकांना वाटले, गहिवरला.

दिवसभर मी उभा राहून वाढत होतो, आणि दिवसभर लोक माझ्या हातातली पातेली काढून घेत होते. "राहू दे, तुमचा हात!" म्हणत होते. रातोमिर मधोमध बसून त्यागाच्या वजनाने वाकलेला चेहरा करून खात होता. डाव्या हाताने.

निघताना त्याचा कोट मीच धरला. आधी दुखरा हात घालायचा असतो. मी ती बाही पुढे केली. त्याने हात घातला.

"कोणाकडे जाऊ रे?" तो पुटपुटला.

"बोळात मधोमध उभा राहून ओरड," मी म्हणालो. "दोघेही येतात."

त्याने मान हलवली. मग तो जिन्यात उतरला, जिथे सगळे शेजारी पादत्राणे घालत होते, आणि तिथून त्याचा तो बसमधला आवाज वर आला.

"दादा, हात जप! पुढच्या वर्षी नाहीच जमलं, तर मी आहे!"

खाली टाळ्या पडल्या. दार मी उजव्या हातानेच लावले. जरा जोरातच.